थरथराईचा कौल

"येत्या पाच वर्षांत सगळ्या हिंदुस्थानची चूल उंब्रजच्या काडीनं पेटेल!"

लालासाहेबांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार होता, अंगात अमेरिकेत घेतलेला कोट होता आणि समोर मारुतीच्या पारावर तेवीस माणसांचा समुदाय होता. टाळ्या पडणार एवढ्यात हमरस्त्याला साताऱ्याची एसटी येऊन थांबली आणि निम्मा समुदाय धोतर सावरत गाडीकडं पळाला. ते लोक सत्काराला आलेच नव्हते. गाडी येईस्तोवर सावलीला बसले होते. उरलेल्यांत लालासाहेबांची बायको रंगूबाई, चुलतभाऊ जोतिबा, जोतिबाची आई बनुबाई आणि हार घालून झाल्यावर टोपली परत न्यायला थांबलेला माळी, एवढी मंडळी ठळक म्हणावी अशी होती.

"चूल पेटवायला काडी लागतीया, लाल्या," जोतिबा म्हणाला. "अमेरिकेला कशाला जावं लागतंय?"

हे एकोणीसशे त्र्याहत्तरच्या दिवाळीतलं. त्याच्या आधी दोन महिने असं झालं होतं, की साखर कारखान्यानं आपला एक संचालक साखरेच्या अभ्यासाला अमेरिकेला धाडायचं ठरवलं. संचालक मंडळात इंग्रजी येणारे दोघे होते. त्या दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. म्हणून इंग्रजी अजिबात न येणाऱ्या लालासाहेबांची एकमतानं निवड झाली. अमेरिकेत त्यांना कोलोरॅडो नावाच्या मुलखात नेलं. तिथं गेल्यावर कळलं, की इथले लोक साखर बिटापासून काढतात आणि शंभर कोसांत उसाचं कांडं दिसायचं नाही. लालासाहेबांनी एकवीस दिवस बीट बघितलं. विसाव्या दिवशी त्यांना स्वप्नातसुद्धा बीट दिसलं आणि ते दचकून उठले.

शेवटच्या रविवारी मात्र तिथं नोकरीला असलेल्या मिरजेच्या एका इंजिनिअरानं त्यांना डोंगरात फिरायला नेलं. समोर एक टेकडी होती आणि टेकडीभर झाडं. बुंधे पांढरटहिरवे, चुना लावून पुसून काढल्यासारखे. पानं पिवळीधमक. वारा म्हणावा तर नव्हता, कारण लालासाहेबांची टोपी जागच्या जागी होती. पण टेकडीवरचं एक पान स्थिर असेल तर शपथ. लाखो पानं नुसती लटलटत होती आणि त्यांचा एक बारीक आवाज येत होता, सुपात तीळ पाखडल्यासारखा.

"याला ॲस्पेन म्हणतात," इंजिनिअर म्हणाला. "पानाचा देठ बघा. गोल नाही, चपटा आहे. त्यामुळं श्वास सोडला तरी पान हलतं. आणि गंमत म्हणजे ही सबंध टेकडी एकच झाड आहे."

"एकच कसं? हजारभर हायेत की."

"वर हजार. खाली मूळ एक. एक तोडा, जाळा, मुळातून शंभर फुटतात. आणि एका मुळाची सगळी झाडं एकाच जातीची. ही टेकडी नर आहे."

लालासाहेब उसाचे माणूस. ऊस तोडला की त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो त्याला खोडवा म्हणतात, आणि खोडवा म्हणजे लागण न करता मिळालेलं पीक. पण तो दोन-तीनदा घेतला की दम तोडतो. इथं तर अख्खी टेकडी खोडव्याची, आणि संपायचं नाव नाही!

"ह्याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

"लाकूड हलकं, पांढरं, सरळ चिरतं. काडेपेटीच्या काड्या करतात."

त्या क्षणी लालासाहेबांच्या डोक्यात जो उजेड पडला, तो पुढची तीन वर्षं विझला नाही.

बोटाएवढ्या जाडीचे मुळीचे चार तुकडे त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून लोकरी मोज्यात घालून आणले. मुंबईला विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं मोजा उघडला आणि विचारलं, "हे काय?"

"वेखंड," लालासाहेब म्हणाले. "पोटात दुखतं."

अधिकाऱ्याचंही दुखत असावं. त्यानं एक तुकडा ठेवून घेतला.

राहिलेले तीन त्यांनी विहिरीच्या कडेला, उसाच्या सावलीत लावले. दोन कुजले. तिसऱ्याला चैत्रात हिरवा डोळा फुटला, आणि तिथून लालासाहेबांचा संसारावरचा जीव उडाला. दर उन्हाळ्यात झाडाभोवती ओल्या पोत्यांचा मांडव पडला, म्हशीच्या वाट्याचं पाणी झाडाला गेलं. हिवाळा आला तशी आणखी एक अडचण निघाली. इंजिनिअरानं पत्रात लिहिलं होतं, की या झाडाला थंडीत गाढ झोप लागली नाही तर ते पुढच्या वर्षी धड फुटत नाही. उंब्रजची थंडी ती काय, एका घोंगड्याची. तेव्हा लालासाहेबांनी गुळाच्या ट्रकवरच्या कृष्णातला गाठलं. ट्रक गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत जायचा आणि मोकळा परत यायचा. येताना त्यानं बर्फाची एक लादी भुशात घालून आणायची, असं ठरलं. बर्फ कराडलाही मिळायचा, पण कराडचा बर्फ लवकर वितळतो असं लालासाहेबांचं मत होतं. सांगलीहून निघालेली लादी कराडला पोचेस्तोवर निम्मी व्हायची, हा भाग वेगळा.

"आवं, लोकं थंडीत अंगावर घेत्यात," रंगूबाई म्हणाली, "आन् तुमी झाडाच्या पायावर बरफ ठेवताय."

"त्याला फसवायचंय. त्याला वाटलं पायजे, आपुन अमेरिकेत हाय."

"मग तुमच्यावर बी ठेवा जरा. तुमी अजून तितंच हाय."

माघात पानं पिवळी पडली तेव्हा जोतिबा बांधावरून ओरडला, "लाल्या, झाडाला कावीळ झालीया रं! उतारा टाक!" जोतिबाचं रान बांधाला लागून पलीकडं. आजोबांनी वाटणी केल्यापासून तो बांध कधी जोतिबाकडं वीतभर सरकायचा, कधी लालासाहेबांकडं. दोघं एकमेकांशी बोलत ते बहुतेक त्या बांधाविषयीच.

कारखान्याचे चेअरमन दादासो यांनी काडेपेटीची योजना ऐकून घेतली होती. दादासो कुठलीही योजना ऐकून घेत. "तीन वर्षं झाड जगवून दाखवा," ते म्हणाले होते. "शहात्तरच्या दिवाळीनंतर संचालक मंडळ घेऊन स्वतः येतो. झाड उभं असलं तर पहिली काडी तितंच चिरू. नसलं, तर पुन्यांदा मिटिंगीत अमेरिकेचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे झाड जगलं तर लालासाहेब द्रष्टे, आणि मेलं तर कारखान्याच्या खर्चानं बीट बघून आलेले गृहस्थ. मधली जागा नव्हती.

झाड जगलं. शहात्तरच्या श्रावणात ते दोन पुरुष उंच झालं होतं. बुंधा पांढरटहिरवा, त्यावर खालच्या फांद्या गळून पडल्याच्या काळ्या खुणा, हुबेहूब डोळ्यांच्या आकाराच्या. आणि पानं दिवसभर लटलट.

अशा एका दुपारी बनुबाई गवताचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. ती थांबली. भारा खाली ठेवला.

"लाला, ह्या झाडाच्या अंगात कवापस्नं येतंय?"

"अंगात न्हाई काकी. देठ चपटा हाय."

"कुनाचा?"

"पानाचा. जरा वारं आलं की लटपटतं."

"वारं कुठं हाय? आंब्याचं पान तरी हललंय का?"

विहिरीवरचा आंबा फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा निश्चल होता.

"आन् हे डोळं?"

"फांद्या गळाल्याच्या खुना हायेत त्या."

"मग माझ्याकडं का बघत्यात?"

बनुबाई घरी गेली आणि हळदकुंकू घेऊन आली. औंधच्या यमाईला ती सात वेळा जाऊन आलेली होती आणि कौल कसा लावतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. देवीला फूल लावायचं, प्रश्न विचारायचा, फूल उजवीकडं पडलं तर हो. इथं फुलाचीही गरज नव्हती.

"आई, माझी म्हस ह्या महिन्यात इनार न्हवं?"

पानं थरथरली. म्हशीला दहावा महिना होता. ती कौल न घेताही व्यालीच असती. पण आठव्या दिवशी ती व्याली, रेडकू धडधाकट निघालं आणि मंगळवारी विहिरीवर चाळीस बायका आल्या. त्यांनीच नाव ठेवलं, थरथराई.

आपलं झाड नर आहे हे लालासाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. काही गोष्टी अमेरिकेतच राहिलेल्या बऱ्या.

थरथराईची कीर्ती पसरायला एक साधं कारण होतं. ती कुणालाच नाही म्हणत नसे. पोरगं मिलिटरीत भरती होईल का? हो. पोरीला मास्तर नवरा मिळेल का? हो. सोसायटीच्या निवडणुकीला उभे असलेले दोन्ही उमेदवार एकाच शुक्रवारी येऊन गेले. दोघांना निवडून येणार म्हणून कौल मिळाला आणि दोघांनी पेढे वाटले. यमाईसुद्धा एखाद्याला परत पाठवते. ही नव्हती पाठवत. देवळातून हिरमुसून निघालेली माणसं वाट वाकडी करून लालासाहेबांच्या विहिरीवर येऊ लागली.

येताना रिकाम्या हातानं कोण येतं? बुंध्याशी ताक ओतलं जाई, नारळाचं पाणी ओतलं जाई, लिंबं पिळली जात. एका भक्तानं सांगलीच्या पेठेतून पायलीभर हळद आणून मुळावर रिकामी केली. लालासाहेब हात पसरून आडवे होत. "आरं, त्याला सोसत न्हाई! देठ चपटा हाय, म्हनून हलतंय!"

लोक शांतपणे ऐकून घेत. "व्हय की," ते म्हणत, "आईनंच चपटा केला आसंल," आणि ताक ओतत.

तेव्हा लालासाहेबांना एक युक्ती सुचली. झाड प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतं ना? मग प्रश्नच असा विचारायचा. पुढच्या शुक्रवारी भरल्या गर्दीत ते आंघोळ करून, गंध लावून झाडासमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आई, तुला हळद, ताक, लिंबू ह्यातलं कायबी सोसत न्हाई. व्हय ना?"

थरथराई अंगभर थरथरली. गर्दीत "बया!" असा उद्गार उठला. दोघीतिघींनी ताकाची चरवी मागं घेतली. लालासाहेब विजयानं वळणार, तोच बनुबाई पुढं झाली.

"आई, ह्यो लाला खोटं बोलतोय न्हवं?"

थरथराई तितक्याच उत्साहानं थरथरली.

चरव्या पुन्हा पुढं आल्या. घरी जाताना रंगूबाई म्हणाली, "मला इच्यारलं असतं तर मी बी तेच सांगितलं असतं. देवीला कशाला तरास?"

नवरात्रात कळस झाला. बुंध्याला लागून घट बसले, नऊ दिवस समया तेवल्या, कापूर तर इतका जळला की विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. ॲस्पेनची साल पातळ. आठव्या माळेला ती बुंध्याभोवती गोल करपली. दसऱ्यादिवशी झाडावर पान नव्हतं. तो पांढरा बुंधा आपले काळे डोळे उघडे ठेवून उभा होता आणि पहिल्यांदाच कुठल्याही प्रश्नाला उत्तर देत नव्हता.

"आई निजलीया," बनुबाई म्हणाली. पण तिचा आवाज रोजच्यासारखा नव्हता, आणि ती भारा न घेताच घरी गेली.

लालासाहेबांनी दोन दिवस अन्नाला शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी कृष्णात ठरल्याप्रमाणं मोसमातली पहिली लादी घेऊन आला. झाड वाळल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लालासाहेबांनी लादी उचलली, वाळक्या बुंध्याच्या पायाशी ठेवली, वर पोतं टाकलं आणि विहिरीच्या काठावर बसून राहिले. रंगूबाई भाकरी घेऊन आली, तीही शेजारी बसली. त्या दिवशी तिनं अमेरिकेचं नाव काढलं नाही.

दिवाळी झाली आणि कारखान्याचं पत्र आलं. पुढल्या महिन्यात कारखान्याची निवडणूक होती, तरी दादासो चार संचालकांसह बुधवारी येणार होते.

मंगळवारी सकाळी जोतिबा बांधावर येऊन उभा राहिला. "लाल्या, हिकडं ये. आजवर नांगरानं बांध कोरीत हुतास. आता मुळीनं कोराय लागलास व्हय रं?"

लालासाहेब भांडायच्या तयारीनं बांधावर चढले आणि तिथंच थबकले. पलीकडं, जोतिबाच्या उसाच्या कडेला, गुडघ्याएवढे कोवळे फोक उभे होते. लालासाहेबांनी मोजले. सतरा. आणि सतराही फोकांची पानं लटलटत होती. वरचा बुंधा मेला होता. पण खालची मुळी बांधाखालून, दोन पिढ्यांच्या भांडणाखालून, मुकाट्यानं पलीकडं गेली होती.

"उपटू?" जोतिबा म्हणाला. "माझ्या रानात हायेत."

लालासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा जोतिबापुढं हात जोडले.

जोतिबा गडबडला. "हात नगं जोडूस गड्या, कसंतरीच हुतंय. आई म्हनली, सतरा लेकी एकदम दारात आल्यात. उपटशील तर भाकरी न्हाई मिळायची."

त्यांनी बघितलं तर फोकांपासून चांगलं दहा पावलांवर बनुबाईनं एक दगड मांडला होता. हळद दगडाला, समई दगडापुढं.

बुधवारी जीप आली. दादासो उतरले, मागून चार संचालक उतरले. दादासोंनी वाळका बुंधा बघून हळहळण्यासाठी तोंड उघडलं, पण लालासाहेबांनी त्यांना हळहळू दिलं नाही. त्यांनी मंडळाला बांधावर उभं केलं आणि तीन वर्षं साठवलेलं भाषण केलं. मूळ एक, झाडं अनेक. तोडा, जाळा, कापूर लावा, हे मरत नाही. लागण एकदा, पीक कायम. लाकूड हलकं, पांढरं, सरळ चिरणारं.

"म्हंजे गाडलं म्हनंस्तोवर सतरा जागी वर येतंय," दादासो म्हणाले. "आपल्या इरोधकांचीच जात म्हनायची." संचालक हसले. हसायचं कधी ते त्यांना माहीत होतं. "लालासाहेब, तुमी जिकला. शब्द म्हंजे शब्द. जोतिबा, कोयता आन. एक तोडू आन् पहिली काडी चिरू."

जोतिबानं कोयता आणला. दादासोंनी तो हातात घेतला आणि सगळ्यांत उंच फोकाकडं वाकले.

याच क्षणाची लालासाहेबांनी तीन वर्षं वाट बघितली होती. त्यासाठी मोजा, त्यासाठी वेखंड, त्यासाठी सांगलीचा बर्फ. आणि आता त्यांच्या पोटात खरोखरच दुखायला लागलं. कोवळा फोक दादासोंच्या मुठीत होता आणि त्याची पानं बोटांमधून थरथरत होती. एक तोडला तर शंभर येतील, हे आत्ताच त्यांनी स्वतः भाषणात सांगितलं होतं. पण तोडायचा तो हा होता.

"थांबा, साहेब!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "कोयता लावायच्या आदी... कौल घ्यावा लागतोय."

"कसला कौल?"

लालासाहेबांनी बनुबाईकडं बघितलं. तीन महिने जिच्याशी देठावरून भांडण चाललं होतं त्या चुलतीला ते म्हणाले, "काकी, आवं, लावा की."

बनुबाईनं त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं. "देठ चपटा हाय न्हवं, लाला?"

"आसंल. तुमी लावा."

बनुबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, हात जोडले आणि सगळ्या संचालक मंडळाला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "आई, तुझ्या लेकरास्नी जो कोयता लावंल, त्याचं फुडल्या महिन्यातलं विलेक्शन जाईल न्हवं?"

आंबा निश्चल होता. उसाचं पातं हलत नव्हतं. आणि सतराच्या सतरा फोक बुडापासून शेंड्यापर्यंत थरथरले.

दादासोंनी मूठ सोडली. कोयता इतक्या हळुवारपणे खाली ठेवला, की जणू तो झोपलेला होता. संचालकांनी चपला काढल्या.

"तसं बघितलं तर," दादासो घसा साफ करून म्हणाले, "काडी काय, बाजारात मिळतीया. पर आसं देवस्थान मिळत न्हाई. कारखान्यातर्फे कुंपन घालू. तारंचं." ठराव जागच्या जागी, एकमतानं मंजूर झाला. कुंपणाची तार बांधाच्या नेमकी कुठल्या बाजूनं जाणार, यावर जोतिबा आणि लालासाहेब एकमेकांकडं बघून घेत होते. पण तो प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला.

काडेपेटीचा कारखाना गेला होता. लालासाहेबांना वाटलं होतं, फार दुःख होईल. ते झालं नाही. उलट छाती मोकळी झाली, कोट नीट बसला आणि नवं वाक्य आपोआप जुळून आलं. ते बांधाच्या उंचवट्यावर चढले आणि हात पसरून म्हणाले, "मंडळी! येत्या पाच वर्षांत हितपासनं पार सांगलीपतोर, एका मुळीवर, सबंध किस्नाकाठ..."

दादासोंनी सिगारेट ओठांत धरली, सदऱ्याचा एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग शेजारच्या संचालकाकडं बघितलं. त्यानंही मान हलवली.

"ते ऱ्हाऊ द्या, लालासाहेब," ते म्हणाले. "काडेपेटी हाय का जरा?"